वृद्धांच्या औषधोपचाराची साक्ष

जयपूरच्या सी-स्कीमसारख्या वस्तीत आरोग्य-पाहणीचा प्रगणक येतो, तेव्हा आजोबांविषयीच्या प्रश्नांना पुष्कळदा मुलगा किंवा सूनच उत्तर देते. ही परस्पर साक्ष कितपत ग्राह्य मानावी?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील फेरीत रुग्णालयात दाखल झाल्याची चौकशी मागील ३६५ दिवसांपुरती होती. इतर आजारांची मात्र केवळ १५ दिवसांपुरती. या भेदाचे मूळ स्मरणाच्या स्वभावात आहे. रुग्णालयाचा प्रसंग साऱ्या घराला हलवतो. रजा, जागरण, खर्च ही सर्वांच्या स्मरणात राहतात, आणि म्हणून त्याविषयीची आप्तांची साक्ष बहुधा खरी ठरते. तिथे चूक होते ती काळाची. गेल्या वर्षीचे दुखणे यंदाच्या हिशेबात शिरते. परंतु वृद्ध गृहस्थ एकटेच जाऊन रक्तदाब तपासून येतात किंवा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात, हे कचेरीत गेलेल्या मुलास ठाऊकच नसते. अशा भेटी गणतीतून गळतात.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने याच सुमारास ४५ वर्षांवरील सुमारे ७२,००० व्यक्तींची पाहणी केली. तीत प्रश्न मुख्यतः त्या व्यक्तीलाच विचारले गेले. प्रकृतीमुळे तिला उत्तर देणे अशक्य असेल, तेव्हाच प्रतिनिधीची सोय होती. हाच क्रम योग्य होय. प्रथम वृद्धाला विचारावे, मग चिठ्ठ्या व पावत्या पाहाव्यात आणि शेवटी आप्तांची साक्ष घ्यावी. कारण ज्या भेटी मोजल्या जात नाहीत, त्यांच्यासाठी दवाखान्यांची तरतूदही होत नाही.