हरलेल्या वाहिनीची गोष्ट

अमेरिकेतला फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. तिथे १९६० साली जुन्या एनएफएलसमोर एएफएल ही नवी लीग उभी राहिली. तिने सुरुवातीलाच सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकगठ्ठा एबीसी वाहिनीला विकले आणि पैसे सारखे वाटून घेतले. एनएफएलमध्ये मात्र प्रत्येक संघ आपापला सौदा करी. न्यूयॉर्कची चंगळ, चिमुकल्या ग्रीन बेला चणचण. आयुक्त पीट रोझेल यांनी नवख्यांचीच युक्ती उचलली. १९६१मध्ये न्यायालयाने ती मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अडवली, तेव्हा त्यांनी थेट संसदेकडून सूट मिळवली. त्याच वर्षी त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष केनेडींची सही झाली.

१९६४च्या हंगामापासून सीबीएस वाहिनीने एनएफएलला वर्षाला १.४१ कोटी डॉलर मोजले. बोलीत हरलेल्या एनबीसीला रविवारी दाखवायला फुटबॉल तर हवाच होता! तिने एएफएलशी पाच वर्षांचा सुमारे ३.६ कोटींचा करार केला. दुबळ्या लीगला बळ मिळाले ते असे, दुसऱ्याच्या पराभवातून. या पैशाच्या जोरावर खेळाडूंची पळवापळवी सुरू झाली. एएफएलच्या जेट्स संघाने जो नेमथ या खेळाडूला चार लाखांहून अधिक डॉलर देऊन घेतले. मानधन दोन्ही लीगना झेपेना. १९६६मध्ये विलीनीकरण ठरले. दोन्ही लीगच्या विजेत्यांमधला जानेवारी १९६७चा पहिला सुपर बोल सामना मात्र सीबीएस आणि एनबीसी दोघींनीही दाखवला, कारण दोघींचे करार अजून चालू होते.