डोंगराचा उतार फोटोवरून कसा मोजतात?

ठाण्यात वर्तकनगरातून पश्चिमेकडे पाहिलं की येऊरचा डोंगर दिसतो. वर आदिवासी पाडे, पायथ्याशी उपवन तलाव आणि खाली दाट वस्ती. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी ओहोळ-नाल्यांनी वस्तीतून वाट काढत खाडीकडे जातं. कुठलं पाणी कुठून उतरतं आणि कुठला उतार किती उभा आहे हे कळलं, तर घर कुठे बांधू नये आणि कुठला नाला बुजवू नये हे आधीच ठरवता येतं. हा उतार साध्या फोटोंवरून कसा मोजतात, ते आज समजून घेऊ.

ही माहिती आपल्याला कशाला हवी? 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या उतारावरची ही जेमतेम पन्नास घरांची ठाकर वाडी. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ताच राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं. त्याआधी 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावात 151 जणांचा जीव गेला. सकाळी एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही.

उपग्रहावरून केलेले उंचीचे नकाशे आपल्याकडे आहेत. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. पण त्यांत 30 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद अशा चौकोनाची मिळून एकच उंची असते. म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांना एक आकडा! जिल्ह्याचा अंदाज घ्यायला तो पुरतो. पण वाडीमागची घळ किंवा घराशेजारचा कापलेला बांध त्यात दिसत नाही. तिथे छोट्या ड्रोनचा कॅमेरा कामाला येतो. शंभर मीटरवरून काढलेल्या फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या तीनेक सेंटीमीटरचा असतो.

आकाशातून फोटो काढायला विमानच लागतं असं नाही. 1906 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झालं, तेव्हा जॉर्ज लॉरेन्स या छायाचित्रकाराने पतंगांना कॅमेरा बांधून अख्ख्या शहराचा फोटो काढला होता. आजही कुठे कुठे पतंग आणि फुगे वापरून कमी खर्चात असे फोटो काढतात.

आता प्रश्न असा, की सपाट फोटोवरून उंची कशी कळते? एक गंमत करून पाहा. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा वाटेल. आता अंगठा जवळ आणा, तो जास्त सरकेल. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. संगणक हाच हिशेब करतो. ड्रोन पुढे सरकत एकामागून एक फोटो काढतो, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला बराचसा भाग पुन्हा येईल असं पाहतात. एकच दगड पाच-सहा फोटोंत किती सरकला, त्यावरून त्याची उंची निघते. असे लाखो ठिपके जोडले की डोंगराचा नमुना तयार होतो. त्यासाठी ओपनड्रोनमॅप आणि क्यूजीआयएस यांसारख्या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणाली आहेत.

नमुना झाला की त्यावर पाणी 'सोडून' पाहतात. सारवलेल्या अंगणात तांब्याभर पाणी ओतलं की ते खोलगट बाजूला धावतं ना, तसंच संगणक प्रत्येक ठिकाणाहून सगळ्यांत खालच्या शेजाऱ्याकडे पाणी ढकलतो. त्यातून कुठे पाणी एकत्र येणार ते दिसतं. वर्षभराने पुन्हा फोटो काढले आणि दोन नमुने एकमेकांशी ताडून पाहिले, तर माती कुठे सरकली तेही कळतं.

पण कॅमेऱ्याला झाडाचा शेंडा दिसतो, खालची जमीन नाही. म्हणून गवत वाळल्यावर, पानगळीनंतर फोटो काढलेले बरे. शिवाय मातीचा थर किती खोल आहे, आत पाणी किती मुरलं आहे, हे फोटोत येत नाही. दरड कोणत्या दिवशी येईल हेही नमुना सांगत नाही.

इथेच आपलं काम सुरू होतं. जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारून त्यांची जागा नेमकी मोजावी लागते, तरच नमुना खऱ्या जमिनीशी जुळतो. आणि सरपणाला, पाण्याला रोज डोंगरावर जाणारी बाई जे पाहते ते कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. जमिनीला नवी भेग पडली, झाडं किंवा खांब कलले, नवीन जागी झरा फुटला, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, घराचं दार अचानक अडकायला लागलं, तर ही धोक्याची चिन्हं आहेत. ती गटाच्या वहीत तारखेसह लिहा. भर पावसात दिसली तर मात्र वही बाजूला ठेवा, आधी घर सोडा आणि 1077 या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर कळवा.

ड्रोन मनाला येईल तिथे उडवता येत नाही. 2021 च्या नियमांनुसार हिरव्या, पिवळ्या आणि लाल हद्दी ठरल्या आहेत. हिरव्या हद्दीतही 400 फुटांपर्यंतच मुभा आहे. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वनखात्याची परवानगी लागते. नमो ड्रोन दीदी योजनेतून बचत गटांना मिळणारे ड्रोन फवारणीचे आहेत, मोजणीचे नव्हेत. पण ते चालवायला शिकलेल्या बहिणीला नियम ठाऊक असतात. तिला सोबत घ्या.

स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि घराची मिळकत पत्रिका मिळते. तिच्यावर आपलं नाव आहे का ते जरूर पाहा. पण ती मोजणी गावठाणाची असते, मागचा डोंगर तिच्यात येईलच असं नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या वाडीमागच्या उताराची पाहणी झाली आहे का? झाली असेल तर नकाशा कुठे पाहायला मिळेल? झाली नसेल तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे ठराव कधी पाठवणार? प्रश्न आणि उत्तरं दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या, आणि भेगा-झऱ्यांची वही ठरावाला जोडा.