विथम नदींतील खड्ग व त्यावरील सुवर्णलेख

लंडन येथील ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहांत एक दुधारी सरळ खड्ग आहे. इंग्लंडांत लिंकन शहराजवळ विथम नदींत तें १८२५ सालीं सांपडलें. त्याची लांबी ९६४ मिलिमीटर असून वजन सुमारें १.२ किलोग्राम भरतें. काळ इ. स. १२५० ते १३३० असा मानतात. पातें बहुधा जर्मन कारागिरांच्या हातचें असावें.

संशोधकांस या शस्त्राचें महत्त्व वाटतें तें पात्यावरील लेखामुळें. आपल्याकडील कोफ्तगिरींत लोखंडाचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर सोनें बसवितात; येथें मात्र सोन्याची बारीक तार पात्याच्या आंत जडविली आहे. दोन क्रूसचिन्हांच्या मध्यें रोमन लिपींतील अठरा अक्षरें आहेत, तीं येणेंप्रमाणें: एन, डी, एक्स, ओ, एक्स, सी, एच, डब्ल्यू, डी, आर, जी, एच, डी, एक्स, ओ, आर, व्ही, आय. अक्षरें लागतात, पण अर्थ लागत नाहीं. २०१५ सालीं मॅग्ना कार्टाच्या आठशेव्या वर्षानिमित्त ब्रिटिश लायब्ररीनें भरविलेल्या प्रदर्शनांत हें खड्ग मांडलें होतें. त्या वेळीं लेखाचा उलगडा करण्याविषयीं लोकांस आवाहन करण्यांत आलें. सूचना पुष्कळ आल्या. सर्वमान्य अशी एकही ठरली नाहीं.

हीं शब्दांचीं आद्याक्षरें असावींत, हा तर्क सयुक्तिक दिसतो. पहिलीं दोन अक्षरें लॅटिनमधील ‘प्रभूच्या नांवानें’ या अर्थाच्या शब्दांचीं असूं शकतील. अशा संक्षेपाची आपणांसही संवय आहे. जुन्या मराठी पत्रांत मुसलमानी तारखेपूर्वीं येणारें ‘छ’ हें अक्षर म्हणजे ‘चंद्र’, हें मोडी वाचणारा विद्यार्थीही जाणतो. परंतु तें आपण जाणतों, याचें कारण तशीं हजारों पत्रें जुळवून पाहतां येतात. एकच पत्र उरलें असतें, तर ‘छ’ वर किती तर्क लढविले गेले असते!

म्हणूनच सावधगिरी हवी. प्रत्येक अक्षरापुढें मनाजोगा शब्द घातल्यास वाटेल तें वाक्य तयार होतें. खऱ्या वाचनानें निदान तीन गोष्टींचा उलगडा केला पाहिजे. डी, एक्स, ओ हा अक्षरसमूह लेखांत दोनदां कां येतो? प्राचीन लॅटिन वर्णमालेंत नसलेलें डब्ल्यू येथें कसें आलें? आणि तीच रीत अशाच दुसऱ्या खड्गांस लागू पडते काय? नेदरलंड्समधील आल्फेन येथें सांपडलेल्या खड्गावरील लेखाचा आरंभ ‘बेनेडोक्सो’ असा आहे. तेथेंही डी, ओ, एक्स, ओ हीं अक्षरें लागोपाठ दिसतात. अशीं उदाहरणें एकत्र मांडल्यावांचून निर्णय होणें नाहीं.

संग्राहकांनींही यांतून बोध घ्यावा. शस्त्रावर किंवा पोथीवर दुर्बोध अक्षरें आढळल्यास तीं जशींच्या तशीं उतरून घ्यावींत. पदच्छेद वा दुरुस्ती मूळ प्रतींत करूं नये. आपला तर्क वेगळा लिहावा. तर्क चुकला तर पुढें सुधारतां येतो. नक्कल बिघडली आणि मूळ वस्तु नष्ट झाली, म्हणजे पुरावाच गेला.