कयाकची सीट का तुटते? छोटा रिव्हेट आणि हंगामाचा हिशेब

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटनाबरोबर जे छोटे धंदे उभे राहिले, त्यांत कयाक भाड्याने देण्याचा धंदा आता चांगलाच रुजला आहे. तारकर्ली-देवबागची कर्ली खाडी घ्या किंवा दक्षिण गोव्यातील पाळोळेचा किनारा घ्या. रंगीत प्लॅस्टिकच्या या एक-दोन माणसांच्या होड्या वाळूवर रांगेने मांडलेल्या दिसतात. इंजिन नाही, डिझेल नाही, मोठा नोकरवर्ग नाही. त्यामुळे बेताच्या भांडवलावर होतकरू तरुण या धंद्यात उतरतात. मात्र होडी खरेदी करताना सगळे लक्ष तिच्या सांगाड्याकडे व वल्ह्याकडे असते. प्रत्यक्षात होडी हंगामात बंद पडते ती बहुतेक वेळा सांगाड्यामुळे नव्हे, तर सीटची कडी उखडल्यामुळे किंवा पट्टा तुटल्यामुळे. या किरकोळ वाटणाऱ्या दुखण्याबद्दल आम्ही आज चार उपयोगाच्या गोष्टी सांगणार आहोत.

प्रथम हिशेब पाहू. समजा, एका कयाकचे तासाचे भाडे २०० रुपये आहे आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती दिवसाला ६ तास पाण्यावर असते. म्हणजे दिवसाचे १,२०० रुपये झाले. सामान मिळत नाही, कारागीर येत नाही म्हणून ती ४ दिवस पडून राहिली, तर ४,८०० रुपये गेले. आणि हे कशामुळे? तर काही रुपयांच्या एका रिव्हेटमुळे.

पण प्रश्न केवळ पैशाचा नाही. वल्हे मारताना गिऱ्हाईक पाठीने सीटवर रेललेले असते. पाठीचा आधार अचानक सुटला, तर ते मागे कोसळते, तोल जातो आणि होडी उलटू शकते. दुसरा धोका याहून मोठा आहे, कारण तो दिसत नाही. कयाक आतून पोकळ असते. कडी रिव्हेटसकट उपटून आली की तिथे भोक उरते आणि येणारी प्रत्येक लाट त्यातून थोडे पाणी आत सोडते. वर बसलेल्याला काहीच कळत नाही. आत साचलेले पाणी होडी ज्या अंगाला कलेल त्या अंगाला धावते आणि तिला सरळ होऊ देत नाही. म्हणून ज्या कयाकची कडी निघाली आहे ती भोक बुजवल्याशिवाय पाण्यात घालू नये, हा नियम प्रत्येक मालकाने आपल्या माणसांना घालून द्यावा.

दोष कुठे असतो?

या कयाक पॉलिथीनच्या असतात. साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालून तो तापवत फिरवत ठेवायचा, म्हणजे एकसंध पोकळ वस्तू तयार होते. आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी याच पद्धतीने बनते. फरक इतकाच की टाकीतल्या काळ्या रंगामुळे, म्हणजे त्यातल्या काजळीमुळे, उन्हाचा मारा बराच अडतो. लाल, पिवळ्या कयाकला हे संरक्षण मिळत नाही. तिथे प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या रसायनावर भिस्त असते.

अशा होडीच्या भिंतीची जाडी जेमतेम ५ मि.मी.च्या आसपास असते. सीटला साधारणपणे चार पट्टे असतात, दोन पुढे व दोन मागे. पट्ट्याच्या टोकाचा हूक होडीला बसवलेल्या कडीत अडकतो आणि ती कडी बहुधा दोन रिव्हेटांवर उभी असते. पाय पुढे टेकवून, पाठ मागे रेटून माणूस वल्हे मारतो तेव्हा सगळा जोर या कड्यांवर, विशेषतः पुढच्या दोन कड्यांवर येतो.

आता मुख्य मुद्दा. रिव्हेट आडवा ताण चांगला सोसतो, पण सरळ वर उपटणारा ताण त्याला सोसत नाही. साध्या पॉप रिव्हेटचे आतले बोंड लहान असते. मऊ प्लॅस्टिकमधून ते हळूहळू वर सरकते, भोक लांबट होते आणि एके दिवशी कडी हातात येते. गिऱ्हाईकाने चढताना पाठीचा आधार धरून उठणे, त्याच्यावरच बसणे किंवा माणसांनी सीटला धरून होडी वाळूवरून ओढणे, या तिन्ही वेळी नेमका हाच वरचा ताण येतो. थोडक्यात, सीट वल्हवण्याने कमी तुटते, धसमुसळेपणाने जास्त तुटते.

त्यात खाऱ्या पाण्याची भर पडते. ॲल्युमिनियमचा रिव्हेट व स्टेनलेस स्टीलची कडी एकत्र आली आणि वर समुद्राचे पाणी लागले, की दोन धातूंच्या संगतीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. वरून रिव्हेट शाबूत दिसतो, पण टोपीखाली पांढरी भुकटी झालेली असते.

गोंदाचा मोह टाळा

कडी निघाली की पहिला हात जातो तो गोंदाच्या नळीकडे. येथे आम्ही स्पष्ट सांगतो की घरगुती गोंद, इपॉक्सी किंवा झटपट चिकटणारे द्रव पॉलिथीनला धरत नाहीत. चिकटल्यासारखे वाटते, पण एक-दोन फेऱ्यांत पापुद्रा निघावा तसे सुटते. सिलिकोनचेही तेच. साधा पत्र्याचा किंवा लाकडाचा स्क्रू ठोकणे हाही तोडगा नव्हे. ५ मि.मी. जाडीत त्याला दोन-तीन आट्यांपुरतीच पकड मिळते, तो गंजतो आणि त्याचे टोक आत कापत राहते. येथे जोड यांत्रिकच हवा आणि त्याचा भार प्लॅस्टिकच्या मोठ्या भागावर पसरला पाहिजे. दुरुस्तीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

दुरुस्तीचे तीन मार्ग

जुना रिव्हेट अर्धवट उरला असेल, तर त्याची टोपी ड्रिलने उडवावी आणि आत पडलेला तुकडा झाकणाच्या तोंडातून बाहेर काढावा. मग भोक नीट तपासावे.

पहिला प्रकार: भोक गोल आहे, कडा मजबूत आहेत. येथे तीन पाकळ्यांचा रिव्हेट वापरावा. आवळताना त्याची आतली बाजू फुलासारखी तीन दिशांना उघडते आणि साध्या रिव्हेटपेक्षा कितीतरी जास्त जागा धरते. ४.८ मि.मी.चा, म्हणजे ३/१६ इंची, रिव्हेट या कामात सर्रास चालतो. कडीखाली रबराचा वॉशर घालावा. ट्रकच्या किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबमधून तो कापून घेता येतो. त्या ट्यूबचे ब्यूटाइल रबर ऊन-पाण्याला टिकते आणि दाबाखाली पाणी उत्तम अडवते.

दुसरा प्रकार: भोक लांबट झाले आहे किंवा त्याच्या कडेने प्लॅस्टिक पांढरट पडले आहे. पांढरेपणा म्हणजे प्लॅस्टिक ताणले गेल्याची खूण. येथे रिव्हेट पुन्हा निघणार, म्हणून आरपार बोल्टच घालावा. आतून पाठीमागे चार-पाच मि.मी. जाडीची पट्टी द्यावी. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा स्वच्छ तुकडा याला पुरतो. त्याचे कोपरे मात्र कानशीने गोल करावेत. नट नायलॉकचा असावा, म्हणजे हादऱ्याने सुटत नाही.

आत हात पोहोचत नसेल तर ही युक्ती करावी. वाजवीपेक्षा लांब बोल्ट घेऊन त्याच्या टोकाला बारीक आडवे भोक पाडावे. कडीच्या भोकातून तार आत सोडून ती झाकणाच्या तोंडाशी आणावी, बोल्टला बांधावी आणि पट्टीसह बोल्ट आतून बाहेर ओढून घ्यावा. मग बाहेर आलेले टोक पक्कडीने धरून नट आवळावा आणि जास्तीचा बोल्ट कापून कानशीने घासावा. दात ओठ खाऊन आवळू नये. रबर किंचित फुगले की पुरे.

झाकणच नसलेल्या होडीसाठी पितळी नट बसवलेली रबरी नळी मिळते. तिला वेल नट म्हणतात. बोल्ट आवळला की रबर आतल्या बाजूने फुगून बसते. याला मोठे भोक लागते, पण पाणी अडवण्यात ते सरस आहे. जड भाराच्या पुढच्या कडीपेक्षा मागच्या कडीला हा उपाय बरा.

तिसरा प्रकार: भोकापासून तडा गेला आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मि.मी.चे भोक पाडावे, म्हणजे तो पुढे पळत नाही. नंतर त्याच जातीच्या पॉलिथीनच्या कांडीने, हॉट एअर गन वापरून वेल्डिंग करावे. उघड्या ज्योतीने हे काम करू नये, प्लॅस्टिक करपते. काही कयाक क्रॉसलिंक जातीच्या पॉलिथीनच्या असतात. त्या वितळून जुळत नाहीत, म्हणून आधी दिसणार नाही अशा जागी चाचणी घ्यावी. वेल्डिंग केलेल्या जागी पुन्हा कडी बसवू नये. ती चार-पाच सें.मी. सरकवून शाबूत प्लॅस्टिकवर बसवावी.

काम झाल्यावर आत दोन बादल्या पाणी ओतून होडी कुशीवर वळवावी आणि जोड झिरपतो का ते पाहावे. टायरचा काँप्रेसर लावून हवा भरण्याचा उद्योग करू नये, होडी फुटू शकते.

सामान घेताना

बोल्ट व नट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत आणि शक्यतो ३१६ प्रतीचे. या प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या पाण्याला ३०४ पेक्षा अधिक टिकते. चुंबक लावून या दोन प्रतींतला फरक कळत नाही, म्हणून खात्रीच्या दुकानातून घ्यावे. पट्टा पॉलिएस्टरचा चांगला. पॉलिप्रोपिलीनचा पट्टा स्वस्त खरा, पण उन्हात लवकर मरतो. नायलॉन पाणी पिऊन सैल पडते. शिवण सुती दोऱ्याची नको, पॉलिएस्टर दोऱ्याची हवी. चौकोन व त्यात फुली अशा टाक्याने ती पक्की होते. रिक्षाचे हूड व ताडपत्री शिवणारा कोणताही कारागीर हे काम करून देईल.

रोजची शिस्त

होडी दोन्ही टोकांच्या मुठींनी उचलावी, सीटला कधीही धरू नये. गिऱ्हाईकाला चढवताना आधी बूड टेकवून मग पाय आत घ्यायला सांगावे. संध्याकाळी सीट, हूक व कड्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. पितळी हुकाची स्प्रिंग मिठाने धरली की गिऱ्हाईक तो ओढाताण करून सोडवते आणि कडी खिळखिळी होते. रात्री सीट काढून सावलीत ठेवावी. होडीही सावलीत असावी, कारण पॉलिथीन उष्णतेने बरेच फुगते. ३ मीटरची होडी २० अंशांच्या फरकाने जवळपास १ सें.मी. लांबते आणि या रोजच्या आकुंचन-प्रसरणाने जोड ढिले होतात.

आठवड्यातून एकदा प्रत्येक कडी हाताने ओढून व फिरवून पाहावी. कडी फिरली, तर ती त्याच दिवशी दुरुस्त करावी. होड्यांना नंबर घालून वहीत नोंद ठेवली, म्हणजे कोणती कडी वारंवार निघते ते उमगते. डब्यात डझनभर रिव्हेट, चार कड्या, चार हूक, दोन पट्टे, रबराचे वॉशर आणि रिव्हेटगन एवढे सामान हंगामभर असावे.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर येतात. मोठ्या दुरुस्तीची खरी वेळ तीच. दिवाळीच्या आदल्या दिवशी कारागीर शोधत फिरण्यात अर्थ नाही.

जाता जाता आमच्या तरुण वाचकांसाठी एक सूचना. ड्रिल, रिव्हेटगन, हॉट एअर गन आणि वर सांगितलेले सामान यांना मोठे भांडवल लागत नाही. ज्यांना पाण्याच्या टाक्यांचे फिटिंग किंवा होड्यांची डागडुजी येते, त्यांना हे काम महिन्याभरात हस्तगत होईल. किनाऱ्यावरच्या पाच-दहा मालकांशी बोलून वर्षाच्या देखभालीचा ठराव करावा, पावसाळ्यात सर्व होड्यांची तपासणी करावी आणि हंगामात बोलावल्याबरोबर हजर राहावे. मालकाची होडी पाण्यावर राहील, गिऱ्हाईक सुखरूप परतेल आणि कारागिराला गावातच रोजगार मिळेल.