जुन्या मोटारीची सांकेतिक भाषा

मोटार हांकणाऱ्याच्या समोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला कीं घरांत दोन पक्ष पडतात. गाडी चालते आहे, तेव्हां दिव्याकडे लक्ष देऊं नये, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा खर्चाच्या धास्तीनें हाय खातो. श्रोतेहो, दोघांनींही आधीं दिवा काय सांगतो तें ऐकावें.

१९८० नंतरच्या दशकांतील जनरल मोटर्सच्या पुष्कळ गाड्यांत हें ऐकणें अक्षरशः मोजणें होतें. तपासणीच्या सॉकेटांतील 'ए' व 'बी' या जागा तारेच्या तुकड्यानें जोडावयाच्या, किल्ली फिरवावयाची, पण इंजिन चालूं करावयाचें नाहीं. मग तोच दिवा लुकलुकूं लागे. एक लुकलुक, किंचित् विसावा, पुनः दोन लुकलुका, म्हणजे बारा. हा दोष नव्हे. इंजिन फिरत नाहीं एवढेंच तो सांगे, आणि संगणक शुद्धीवर आहे हेंही त्यावरून कळे. पुढें १९९६ सालच्या मॉडेलपासून अमेरिकेंत सर्व मोटारींना सोळा खुंट्यांचें एकच सॉकेट व एकच संकेतपद्धति सक्तीची झाली.

'पी ०१७१' हा संकेत घ्या. 'पी' म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग, शून्य म्हणजे सर्व कारखान्यांना समान असा अंक, एक म्हणजे इंधन व हवा यांचें प्रमाण. सर्व मिळून अर्थ असा, कीं इंजिनाच्या पहिल्या बाजूस इंधनाच्या मानानें हवा अधिक होत आहे. ही वर्दी ऑक्सिजन सेन्सर देतो. म्हणून कित्येक कारागीर तो सेन्सरच बदलून मोकळे होतात. चोर आला अशी ओरड करणाऱ्या पहारेकऱ्यालाच धरून नेण्यासारखें हें आहे! जुन्या गाडींत खरा चोर बहुधा तडकलेली रबरी नळी, मळलेला हवामापक सेन्सर किंवा थकलेला इंधनपंप असतो. संगणक इंधनांत किती टक्के वाढ करीत आहे हा आंकडा वाचकयंत्रावर पाहावा. गाडी उभी असतां, इंजिन मंद चालत असतांना, तो मोठा असून वेग वाढवितांच उतरला, तर नळींतून हवा शिरत असण्याचा संभव अधिक. उलट भार पडल्यावर तो चढूं लागला, तर इंधनाचा पुरवठा तपासावा.

'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरांत ज्वलन चुकतें आहे. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यास लावावी. संकेत 'पी ०३०२' झाला, तर दोष त्या कॉइलचा. या परीक्षेस पैसा पडत नाहीं. मात्र दिवा स्थिर न राहतां लुकलुकूं लागला, तर वेग कमी करून सुरक्षित जागीं थांबावें. न जळलेलें इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन तो तापतो व निकामी होतो, आणि त्याची किंमत भारी असते.

दुरुस्तीपूर्वीं संकेत पुसूं देऊं नये. दोष घडला त्या क्षणींचें तपमान, वेग व भार यांची नोंदही त्याबरोबर जाते. जुनी गाडी विकत घेतांना दिवा विझलेला पाहून हुरळूं नये. वाचकयंत्रावर संगणकाच्या स्वयंतपासण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर संकेत नुकताच पुसला आहे किंवा बॅटरी सोडविली होती असें समजावें, आणि गाडी कांहीं दिवस चालवून पुन्हां दाखविण्यास विक्रेत्यास सांगावें.