उन्हाळ्यातील माठ

मे महिन्यात अंधेरी-घाटकोपरच्या घरांत माठ दिसतो. माठाला अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते व त्याची वाफ होते. वाफ होताना आतल्या पाण्यातील उष्णता निघून जाते. म्हणून पाणी थंड होते.

उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी असते. तेथे माठातले पाणी खूप थंड होते. मुंबईची हवा समुद्रामुळे दमट असते, त्यामुळे वाफ सावकाश होते. म्हणून येथे माठ खिडकीजवळ, वाऱ्यात ठेवावा. कोपऱ्यातला माठ केवळ शोभेचा!

पाण्यात वाळ्याची जुडी टाकली, की छान सुगंध येतो. पाहुणे आले, की याच पाण्यात उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, मीठ व वेलदोडा घालून पन्हे करावे. पाहुणा उन्हातून आला असेल, तर मीठ किंचित जास्त घालावे.