तापलेल्या चेहऱ्याचा पहिला आठवडा

त्वचा आणि आपण : भाग ६

कातडी आवळणाऱ्या हायफू आणि रेडिओफ्रिक्वेन्सी या दोन उपचारांत चेहऱ्याच्या आत काय घडतं, ते मागच्या भागात पाहिलं. हायफूमध्ये ध्वनिलहरी वरची कातडी न दुखावता १.५, ३ किंवा ४.५ मिलिमीटर खोलीवर एकवटतात आणि तिथला बारीकसा ठिपका क्षणभर ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. रेडिओफ्रिक्वेन्सीत आतला थर जरा पसरट तापतो. उष्णतेने कोलॅजेनचे धागे आकसतात आणि शरीर नवे धागे तयार करायला घेतं. हे काम दोन-तीन महिने, काहींच्या बाबतीत सहा महिने चालतं.

आज उपचारानंतर घरी गेल्यावरच्या दिवसांबद्दल लिहायचं आहे. क्लिनिकमध्ये हातात पडणारा सूचनांचा कागद बहुधा शहरातल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. सौना टाळा, जिम टाळा, स्विमिंग पूल टाळा. बारामती-इंदापूरकडच्या बाईच्या दिवसात यातलं काहीच नसतं, पण चूल असते, पाण्याचा बंब असतो, वैशाखाचं ऊन असतं, दुचाकीवर तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ असतो. तिच्यासाठी कागद वेगळा हवा.

आधी घाबरायचं कशाला नाही ते सांगते. काही तास चेहरा लाल राहील. दोन-तीन दिवस सूज दिसेल, सकाळी जरा जास्त. जबड्याच्या हाडावर बोट दाबलं तर आठवडा-दोन आठवडे दुखेल, मधूनच मुंग्या येतील. हे सगळं अपेक्षित आहे. गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ सुती फडकं ठेवा. फ्रीजमधला बर्फ थेट गालावर घासू नका. दुखणं फारच झालं तर गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, कारण सूज उतरवणाऱ्या गोळ्या या काळात नकोत असं अनेक डॉक्टरांचं मत आहे. ते साधी पॅरासिटामॉल सुचवतात.

खरी काळजी आहे ती डागांची. गव्हाळ आणि सावळ्या कातडीत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चटकन चेतवल्या जातात. कातडीला आतून सूज आली, वरून ऊन लागलं, कुणी घासलं, की त्या जास्तीचं मेलॅनिन सोडतात आणि लाली गेल्यावर त्या जागी तपकिरी छटा उरते. ती महिनोन् महिने जात नाही. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचातज्ज्ञाने १९७५ साली उन्हाला कातडी कशी प्रतिसाद देते त्यावरून तिचे प्रकार पाडले. डॉक्टर आजही तीच वर्गवारी वापरतात. तिची सुरुवात गोऱ्या कातडीपासून झाली. गडद वर्णाचे प्रकार पुढे जोडले गेले. म्हणून परदेशी पत्रकावर ‘लगेच नेहमीची कामं सुरू करा’ असं छापलेलं असलं, तरी ते आपल्या चेहऱ्याला जसंच्या तसं लागू करू नये.

डाग पडायला ऊनच लागतं असंही नाही, नुसती धग पुरते. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी घेऊन बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. तिथली कातडी कधी भाजलेली नसते, भाजण्यापेक्षा कमी उष्णता रोज लागत राहिलेली असते. आता आपल्याकडची चूल आठवा. भाकरी तव्यावर टाकली की पाणी फिरवायला, मग उलटायला, मग तवा उतरवून ती निखाऱ्यापुढे उभी करायला बाई पुढे वाकते. भाकरी फुगते त्या क्षणी तिचा गाल आरापासून हातभर अंतरावर असतो. घरात पाच-सहा माणसं जेवणारी असली तर हे दहा-पंधरा वेळा होतं. आतून नुकत्याच तापवलेल्या चेहऱ्याला ही धग नको. पहिले तीन-चार दिवस चुलीपुढे दुसऱ्या कुणीतरी बसावं, हे मी घरातल्या पुरुषांनाही उद्देशून लिहिते आहे. गॅसवर करायचंच असेल तर शेगडीपासून मागे उभं राहून, खिडकी उघडी ठेवून. बंबातलं कढत पाणी बादलीत विसणून मगच घ्या, आणि वाफेवर तोंड धरू नका.

उन्हाचं म्हणाल तर आपला मुलूख पर्जन्यछायेचा, आभाळ मोकळं असणारा. शिवाय आपण जेमतेम १८ अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बारामतीच्या बरोबर डोक्यावर येतो, आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा. शून्य सावलीचे हे दोन दिवस शाळेतली मुलं काठी रोवून पाहतात. जुलैत ढग असतात म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण अतिनील किरणांचा बराच भाग ढगांतून खाली येतोच. तेव्हा सनस्क्रीन बारा महिने हवं. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि वेष्टनावर ‘पीए’पुढे अधिकची चिन्हं असलेलं. दोन बोटांवर काढलेल्या दोन लांब रेघा एवढं चेहरा-मानेला लागतं, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. सकाळी एकदा लावून दिवसभर शेतात राहिलं तर दुपारी त्याचा काही उपयोग उरत नाही.

उपचार पुण्यात घेतला असेल तर पहिलं ऊन परतीच्या प्रवासातच लागतं. दुपारी पुण्याहून बारामतीकडे निघालेल्या गाडीत उजवी बाजू सहसा उन्हाची असते, पाटसला वळल्यावर तर जास्तच. एसटीत डाव्या बाजूची जागा धरा. खासगी गाडीतही बाजूची काच लावली म्हणजे झालं असं नाही; कातडीत खोल जाणारे यूव्हीए किरण साध्या काचेतून येतात.

स्कार्फ वाईट नाही, बांधण्याची पद्धत वाईट. कॉलेजला किंवा एमआयडीसीत कामाला दुचाकीवरून जाणाऱ्या मुली तो इतका आवळून बांधतात की गालाच्या हाडावर त्याची किनार तासभर घासत राहते. आत घाम, घामात धूळ. आठवडाभर मऊ सुती ओढणी, सैल आणि रोज धुतलेली. त्याच दिवसांत टिकलीही बाजूला ठेवा. तिच्या डिंकात असणाऱ्या एका रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, आणि दुखावलेल्या कातडीवर ते अधिक बोचतं. ब्लीच, स्क्रब, फेशियल, ओठांवरचं थ्रेडिंग, ग्लायकोलिक किंवा रेटिनॉलची क्रीमं, हे सगळं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. कालव्याखालच्या गावांत बोअरचं पाणी क्षाराचं असतं, साबणाचा फेस होत नाही, मग माणूस जोर लावून चोळतो. सौम्य फेसवॉश, तळहाताने, टॉवेलने टिपून कोरडं करणं आणि लगेच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. एवढंच लावायचं आहे.

लाली उतरेना म्हणून मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे. गोरेपणाची म्हणून हातोहात पसरलेल्या कित्येक ट्यूबांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं स्टिरॉइड असतं. चार दिवसांत चेहरा उजळतो, लाली जाते, आणि बाई ती ट्यूब मैत्रिणीला सांगते. पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, हनुवटीवर केस वाढतात. लावायचं थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून ती पुन्हा लावते. देशभरातल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने या विरोधात मोहीम चालवली आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ट्यूबवर ही नावं आहेत का, ते उन्हात धरून वाचा. दिसली, तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. आधीपासून लावत असाल तर ते उपचाराच्या आधीच डॉक्टरांना सांगायला हवं.

लग्नाच्या तोंडावर हा उपचार घेणाऱ्या खूप. लग्न आठवड्यावर आलं की चेहरा आवळून घ्यायचा हा हिशेबच चुकीचा, कारण फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. वर हळदीच्या दिवशी मांडवात पाच-पंचवीस हात ओली हळद गालाला चोळणार, मग दुपारच्या उन्हात फोटो. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर श्रावणात उपचार उरकावा. तेव्हा कामाची घाईही थोडी कमी असते, आणि हळद लागेपर्यंत कातडी पूर्ण निवलेली असते.

काही लक्षणांना मात्र घरात थांबू नये. फोड येणं, पांढरट उठलेल्या सरळ रेघा दिसणं, दोन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, पू किंवा ताप, आणि हसताना खालचा ओठ एका बाजूला ओढला जाणं. ओठाचं हे वाकडेपण जबड्याच्या कडेने जाणाऱ्या मज्जातंतूला उष्णता लागल्याने येतं. बहुतेकदा ते काही आठवड्यांत जातं, पण तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. ज्यांनी उपचार केला त्यांच्याकडे आधी जा. पुणं लांब पडत असेल तर बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांना नुसतं ‘मशीन फिरवलं’ एवढं सांगून भागत नाही. यंत्राचं नाव, तारीख, कोणत्या खोलीचं कार्ट्रिज कुठे वापरलं, हे त्यांना लागतं. म्हणून क्लिनिकमधून निघतानाच ते चिठ्ठीवर लिहून मागा, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.